तारीख वेगळी, स्मृतिदिन वेगळा: आयर्लंडच्या इतिहासावर वाचकांचे प्रश्न

आयर्लंडच्या इतिहासाविषयी आलेले बहुतेक प्रश्न तारखांचे आहेत. ते साहजिक आहे. या देशात एकच घटना दोन तारखांना छापलेली सापडते, आणि पुष्कळदा दोन्ही तारखा आपापल्या जागी बरोबर असतात. शाळेचे कार्यक्रम, भित्तिपत्रकं, दिनविशेषाची सदरं यांसाठी ही माहिती हवी आहे असं बऱ्याच जणांनी कळवलं आहे, म्हणून शक्य तिथे नेमकं काय लिहावं तेही दिलं आहे.

प्रश्न: ईस्टर उठाव २४ एप्रिल १९१६ रोजी झाला असं वाचलं होतं. मग त्याच्या शताब्दीचा मुख्य सोहळा २७ मार्च २०१६ ला कसा झाला? आपल्याकडे तिथी आणि तारीख असा फरक पडतो, तसं काही आहे का?

उत्तर: अगदी तसंच आहे. ईस्टर चांद्र गणितावर ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही येतो. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असते, आकाशातल्या पौर्णिमेशी तिचा क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो. १९१६ मध्ये ईस्टर रविवार २३ एप्रिलला होता आणि ब्रिटिश राजवटीविरुद्धचा हा सशस्त्र उठाव दुसऱ्या दिवशी, सोमवारी सुरू झाला. आयर्लंडचं सरकार मात्र ही आठवण ईस्टर रविवारी पाळतं, आणि २०१६ मध्ये तो २७ मार्चला आला. ईस्टर सोमवार आणि २४ एप्रिल यांची गाठ १९१६ नंतर एकदाच, २००० साली पडली. पुढची वेळ २०७९ ची.

मूळ बेत रविवारचाच होता. जर्मनीहून शस्त्रं घेऊन आलेलं ‘ऑड’ जहाज ब्रिटिश आरमाराने अडवलं आणि २२ एप्रिलला त्याच्या कप्तानाने ते स्वतःच बुडवलं. त्यात सुमारे २०,००० रायफली होत्या. उठावात उतरणार असलेल्या आयरिश स्वयंसेवक दलाचे प्रमुख ओवेन मॅकनील यांनी रविवारच्या वर्तमानपत्रातून सगळ्या हालचाली रद्द केल्याचा आदेश छापला. उठाव एक दिवस पुढे गेला, बाहेरगावच्या तुकड्यांना उलटसुलट निरोप मिळाले, आणि देशभर व्हायचं ते मुख्यतः डब्लिनपुरतं उरलं. शनिवारी, २९ एप्रिलला उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स यांनी शरणागती पत्करली.

दिनविशेषात ‘ईस्टर उठाव, २४ ते २९ एप्रिल १९१६’ असं लिहा. कार्यक्रम डब्लिनच्या सोहळ्याबरोबर करायचा असेल तर त्या त्या वर्षीचा ईस्टर रविवार घ्या: २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये १६ एप्रिल. डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयासमोर दुपारी बाराच्या सुमारास राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवला जातो, सैन्यातला एक अधिकारी १९१६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचतो, राष्ट्राध्यक्ष पुष्पचक्र वाहतात, एक मिनिट स्तब्धता पाळली जाते आणि मग ध्वज पुन्हा वर चढवून राष्ट्रगीत होतं. शाळेच्या कार्यक्रमालाही हाच क्रम सहज जमतो.

वेळा लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. १९१६ च्या एप्रिलमध्ये डब्लिनचं घड्याळ ग्रीनिचच्या सुमारे २५ मिनिटं मागे चालत असे. हा फरक १ ऑक्टोबर १९१६ ला कायद्याने संपला. डब्लिनच्या आठवणी आणि लंडनला गेलेल्या तारा शेजारी ठेवून घटनाक्रम लावला की एखादा निरोप पाठवण्याआधीच पोचल्यासारखा दिसतो, त्याचं कारण बरेचदा ही २५ मिनिटं असतात.

प्रश्न: उठावानंतर मृत्युदंड झालेल्यांची संख्या कुठे १४, कुठे १५, तर कुठे १६ दिली आहे. बरोबर कोणती? प्रदर्शनासाठी तारखांसह नावं हवी आहेत.

उत्तर: तिन्ही आकडे खरे आहेत, मात्र प्रत्येक वेळी वेगळी माणसं मोजलेली असतात. डब्लिनच्या किलमेनम तुरुंगात गोळ्या घालून मारले गेले ते १४. कॉर्कमध्ये मारले गेलेले टॉमस केंट धरले तर १५. लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात ३ ऑगस्ट १९१६ ला फाशी गेलेले, उठावासाठी जर्मनीची मदत मिळवू पाहणारे रॉजर केसमेंट धरले तर १६. प्रदर्शनात १६ नावं लावा आणि टॉमस केंट व केसमेंट या दोघांपुढे ठिकाण आवर्जून लिहा.

३ मे: पॅट्रिक पिअर्स, टॉमस क्लार्क, टॉमस मॅकडोना. ४ मे: जोसेफ प्लंकेट, एडवर्ड डेली, मायकेल ओ’हॅनरहन, विली पिअर्स. ५ मे: एकटे जॉन मॅकब्राइड. ८ मे: एमन केंट, मायकेल मॅलिन, शॉन ह्यूस्टन, कॉन कोलबर्ट. ९ मे: टॉमस केंट. १२ मे: जेम्स कॉनली आणि शॉन मॅकडिअरमडा.

मराठीत इथे एक खास घोटाळा होतो. एमन आणि टॉमस या दोघांचं आडनाव मूळ लिपीत निराळं लिहितात, पण आपल्याकडे दोघेही ‘केंट’ होतात आणि यादीत एकजण गळतो. एमन हे जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सात जणांपैकी, डब्लिनमध्ये लढलेले. टॉमस यांनी डब्लिनच्या लढाईत भागच घेतला नव्हता. २ मे रोजी पोलिसांनी कॉर्क परगण्यातल्या त्यांच्या घराला वेढा घातला, चकमकीत एक पोलीस मारला गेला, आणि त्यासाठी त्यांना शिक्षा झाली. तसेच पॅट्रिक आणि विली पिअर्स हे सख्खे भाऊ आहेत. नुसतं ‘पिअर्स’ लिहिलं की एक नाव चुकून दोनदा आलं असं समजून कुणीतरी ते खोडतं.

सही करणारे सातही जण, म्हणजे क्लार्क, मॅकडिअरमडा, मॅकडोना, पॅट्रिक पिअर्स, एमन केंट, कॉनली आणि प्लंकेट, या १४ जणांत येतात. केसमेंट यांना गुड फ्रायडेलाच, म्हणजे २१ एप्रिलला, केरीच्या किनाऱ्याजवळ पकडलं होतं, त्यामुळे उठाव झाला तेव्हा ते कैदेत होते. ‘उठावात लढले आणि फाशी गेले’ हे वाक्य त्यांच्याबद्दल लिहू नका. त्यांचे अवशेष १९६५ मध्ये डब्लिनला ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत आणले गेले. टॉमस केंट यांचा सरकारी इतमामाने दफनविधी २०१५ मध्ये झाला. बाकीचे १४ डब्लिनच्या आर्बर हिल इथे आहेत.

जाता जाता: या शिक्षा दहा दिवस अशा हप्त्याहप्त्याने दिल्या गेल्या, आणि घोट्याला गोळी लागून उभंही राहू न शकणाऱ्या कॉनली यांना खुर्चीत बसवून मारण्यात आलं. उठाव चालू असताना डब्लिनचे कित्येक लोक बंडखोरांवर चिडलेले होते. लोकमत उलटलं ते या दहा दिवसांत. म्हणून प्रदर्शनात तारखा गाळून नुसती नावं लावली तर इतिहासाचा मुख्य धागाच सुटतो.

प्रश्न: आयर्लंडचा स्वातंत्र्य दिन कोणता?

उत्तर: असा दिवस कायद्याने ठरलेलाच नाही. १७ मार्च हा सेंट पॅट्रिकचा दिवस राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात, पण तो एका धर्मप्रसारकाचा स्मृतिदिन आहे. १९०३ पासून त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. त्याचा स्वातंत्र्याशी संबंध जोडू नये.

स्वातंत्र्य टप्प्याटप्प्याने आलं. २१ जानेवारी १९१९ ला शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटिश संसदेत, न जाता डब्लिनमध्ये स्वतःची संसद, डॉल, भरवली आणि स्वातंत्र्य जाहीर केलं. ११ जुलै १९२१ ला ब्रिटिशांशी चाललेल्या लढ्यात युद्धबंदी झाली, ६ डिसेंबरला ब्रिटनशी करारावर सह्या झाल्या आणि ७ जानेवारी १९२२ ला डॉलने तो ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्य केला. ६ डिसेंबर १९२२ ला २६ परगण्यांचं आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आलं, तेही ब्रिटिश राजमुकुटाखाली. २९ डिसेंबर १९३७ ला नवी राज्यघटना लागू झाली. १८ एप्रिल १९४९ ला देश पूर्ण प्रजासत्ताक झाला. तो दिवस ईस्टर सोमवार होता, आणि १९१६ ची आठवण म्हणून मुद्दाम निवडलेला होता.

एकच तारीख द्यायची सक्ती असेल तर आम्ही ६ डिसेंबर १९२२ देऊ, कारण त्या दिवशी प्रत्यक्ष राज्य सुरू झालं. मात्र तिथे ‘संपूर्ण आयर्लंड’ लिहिणं चूक आहे. उरलेल्या सहा परगण्यांचं उत्तर आयर्लंड ३ मे १९२१ पासूनच वेगळं झालं होतं.

प्रश्न: बॉइनची लढाई १ जुलै १६९० ची. उत्तर आयर्लंडमध्ये मिरवणुका १२ जुलैला निघतात. एका विश्वकोशात ११ जुलै आहे. तीन तारखा कशा?

उत्तर: हा प्रश्न नीट सोडवला की आयर्लंडच्या सतराव्या शतकातल्या जवळजवळ सगळ्या तारखा सुटतात, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

युरोपातल्या कॅथलिक देशांनी १५८२ मध्ये ग्रेगरियन कालगणना घेतली. ब्रिटन आणि आयर्लंड १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन गणनेवर राहिले. बदल केला तेव्हा २ सप्टेंबर १७५२ च्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर धरला, म्हणजे ११ दिवस गाळले. पण हा फरक सुरुवातीपासून ११ चा नव्हता. १७०० हे ज्युलियन गणनेत लीप वर्ष होतं आणि ग्रेगरियनमध्ये नव्हतं, त्यामुळे १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत फरक १० दिवसांचा होता, त्यानंतर ११ चा झाला.

आता बॉइन, म्हणजे राजा तिसऱ्या विल्यमने पदच्युत राजा दुसऱ्या जेम्सला हरवलं ती लढाई. त्या वेळच्या इंग्रजी कागदांत १ जुलै १६९०. त्यात १० मिळवले की ११ जुलै, हे गणिताने बरोबर. १७५२ नंतर लोकांनी मात्र जुन्या सणांत सरसकट ११ दिवस मिळवले, म्हणून १२ जुलै. शिवाय १२ जुलै ही तारीख आधीपासूनच पाळली जात होती. १६९१ ची ऑक्रिमची लढाई, जिथे जेकबाइट, म्हणजे जेम्सच्या बाजूच्या, सैन्याचा खरा कणा मोडला, जुन्या गणनेने १२ जुलैचीच होती. पुढे १७९५ मध्ये आर्मा परगण्यात ऑरेंज ऑर्डर ही प्रोटेस्टंट संघटना स्थापन झाली, दुसऱ्या वर्षी तिने १२ जुलैला मिरवणुका काढल्या, आणि बॉइनची आठवण या तारखेला कायमची चिकटली. १२ जुलै रविवारी आला तर मिरवणूक सोमवारी, १३ ला निघते.

स्वतः पडताळायचं असेल तर आधी कागद कुणाचा ते पाहा. इंग्रजी असेल तर जुनी गणना, स्पॅनिश किंवा फ्रेंच असेल तर नवी. मग १० किंवा ११ दिवस मिळवा. शेवटी वर्ष तपासा, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. १७५२ च्या आधी इंग्रजी कागदांत वर्ष २५ मार्चला बदलत असे. दुसरा जेम्स किन्सेल बंदरात उतरला तो दिवस जुन्या कागदांत १२ मार्च १६८८ आहे. आपण तो १६८९ म्हणून वाचायचा. नाहीतर तो इंग्लंडमधून पळण्याआधीच आयर्लंडला पोचतो.

त्याच किन्सेलची १६०१ ची लढाई यात आणखी एक गंमत घालते. इंग्रजी तारीख २४ डिसेंबर १६०१, तर स्पॅनिश आणि आयरिश बाजूची ३ जानेवारी १६०२. एका पुस्तकात १६०१ आणि दुसऱ्यात १६०२ दिसलं तर एकाला चुकीचं ठरवू नका. इतिहासकारांचा रूढ मार्ग असा की दिवस जुन्या गणनेचाच ठेवायचा आणि वर्ष १ जानेवारीपासून मोजायचं. इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याने ड्रॉहेडात केलेली कत्तल म्हणूनच ११ सप्टेंबर १६४९ अशी लिहितात, २१ सप्टेंबर नाही. आपणही तेच करावं.

प्रश्न: ‘रक्तरंजित रविवार’ म्हणजे नेमका कोणता?

उत्तर: मागेपुढे काही नसेल तर कळणार नाही, म्हणून वर्ष लिहिलंच पाहिजे. २१ नोव्हेंबर १९२०, डब्लिन: सकाळी स्वातंत्र्यलढ्याचे गुप्तहेरप्रमुख मायकेल कॉलिन्स यांच्या माणसांनी ब्रिटिश गुप्तहेर असल्याच्या संशयावरून अधिकाऱ्यांना घरात, हॉटेलात घुसून ठार केलं. दुपारी क्रोक पार्क मैदानात डब्लिन विरुद्ध टिपरेरी हा गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना पोलीस दलांनी गर्दीवर गोळीबार केला. त्यात १४ जण गेले, टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन त्यांतलाच. मैदानाची एक बाजू आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

३० जानेवारी १९७२, उत्तर आयर्लंडमधलं डेरी: खटल्याविना स्थानबद्धतेच्या विरोधात निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटने गोळ्या झाडल्या. त्या दिवशी १३ जण मेले, एक जखमी काही महिन्यांनी गेला. हा १४ आणि १९२० चा १४ यांची सरमिसळ होते, म्हणून १९७२ साठी ‘१३, नंतर आणखी १’ असं लिहिणं चांगलं. मेलेले लोक निर्दोष होते हे सॅव्हिल चौकशीच्या अहवालात १५ जून २०१० ला आलं, आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी त्याच दिवशी संसदेत माफी मागितली. मृतांच्या नातेवाइकांना त्यासाठी ३८ वर्षं झगडावं लागलं. १९७२ ची तारीख देताना ही दुसरी तारीखही द्यावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न: ब्रिटिश पार्लमेंटमधल्या पहिल्या स्त्री खासदार कोण, नॅन्सी ॲस्टर की काउंटेस मार्किएव्हिच?

उत्तर: निवडून आलेल्या पहिल्या कॉन्स्टन्स मार्किएव्हिच, डिसेंबर १९१८ मध्ये, डब्लिनमधून. त्या वेळी त्या लंडनच्या हॉलोवे तुरुंगात होत्या आणि शिन फेन पक्षाच्या धोरणानुसार त्यांनी जागा घेतली नाही. प्रत्यक्ष सभागृहात बसलेल्या पहिल्या नॅन्सी ॲस्टर, १ डिसेंबर १९१९. मार्किएव्हिच डॉलमध्ये कामगार मंत्री झाल्या, हे प्रश्नमंजूषेत विचारायला अधिक चांगलं. जन्म ४ फेब्रुवारी १८६८, मृत्यू १५ जुलै १९२७.

प्रश्न: डॅनियल ओ’कॉनेल यांची २५० वी जयंती २०२५ मध्ये झाली. त्यांना सशस्त्र क्रांतिकारक म्हणावं का?

उत्तर: मुळीच नाही. ६ ऑगस्ट १७७५ ला केरीत जन्मलेला हा वकील रक्तपाताच्या विरोधात आयुष्यभर उभा राहिला. महिना एक पेनी वर्गणी घेऊन त्यांनी खेड्यापाड्यातल्या गरिबांची संघटना बांधली. जुलै १८२८ मध्ये क्लेअरची पोटनिवडणूक जिंकली, पण कॅथलिक असल्यामुळे ठरलेली शपथ घेता येईना. त्या पेचातून १८२९ चा कॅथलिक मुक्ती कायदा आला. त्याची किंमतही होती, आणि ती सांगायला विसरू नये: त्याच वेळी मतदानासाठी लागणारी मालमत्तेची अट आयर्लंडच्या परगण्यांत ४० शिलिंगवरून १० पौंडांवर नेली, आणि ज्या छोट्या कुळांनी त्यांना निवडून दिलं त्यांचाच मताधिकार गेला.

आयर्लंडची स्वतःची संसद परत मिळावी यासाठी बोलावलेली ८ ऑक्टोबर १८४३ ची क्लॉनटार्फची महासभा सरकारने आदल्या दिवशी बंद केली, तेव्हा लोकांचा जीव वाचावा म्हणून त्यांनी ती रद्द केली. १५ मे १८४७ ला जिनोआत ते वारले.

प्रश्न: महादुष्काळाचा स्मृतिदिन कोणता? आणि बटाट्यावर रोग पडला म्हणून एवढी माणसं कशी मेली?

उत्तर: राष्ट्रीय स्मृतिदिन मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी असतो. दुष्काळाची तारीख एका दिवसात बसत नाही. १८४५ च्या उन्हाळ्याअखेर करपा आला आणि पिकाचा काही भाग गेला, १८४६ मध्ये जवळजवळ सगळं पीक गेलं. १८४७ मध्ये रोग कमी होता, पण बियाणं खाऊन संपलेलं असल्याने लागवडच थोडी झाली. १८४८ मध्ये करपा परत आला. गरीब घरं बहुतांशी ‘लंपर’ या एकाच जातीवर जगत होती. बटाटे डोळ्यांपासून लावतात, म्हणजे सगळी शेतं एकाच वाणाची, आणि या वाणाला रोगाशी टक्कर देण्याची ताकद नव्हती.

पण माणसं नुसत्या करप्याने मेली नाहीत. धान्य आणि जनावरं देशाबाहेर जातच राहिली. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी सूपकेंद्रांतून रोज सुमारे ३० लाख लोकांना अन्न मिळत होतं, म्हणजे यंत्रणा उभी करता येत होती. तीच केंद्रं त्या वर्षाच्या शरद ऋतूपर्यंत बंद करून भार स्थानिक करांवर टाकला. पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नाही, अशी अट आली. लोकांनी जमिनी सोडल्या आणि घरंही गेली. सुमारे १० लाख मेले, निदान तेवढेच देश सोडून गेले. १८४१ ची लोकसंख्या ८१.७५ लाख होती, १८५१ ची ६५.५ लाख. या दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे मृतांची संख्या, असं मात्र लिहू नका. तिच्यात स्थलांतरही आहे आणि न झालेले जन्मही.

प्रश्न: जालंधरच्या आयरिश सैनिकांच्या बंडाची तारीख?

उत्तर: २८ जून १९२०. ब्रिटिश सैन्यातल्या कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीच्या जवानांनी मायदेशातल्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून शस्त्रं खाली ठेवली. सोलनच्या तुकडीत जेम्स डेली पुढे होते. तिथे दारूगोळ्याच्या कोठारावरच्या हल्ल्यात दोन जवान मारले गेले. डेली यांना २ नोव्हेंबर १९२० ला दगशाईत गोळ्या घालण्यात आल्या. ‘जालंधरला फाशी’ असं छापलेलं दिसतं, त्यात ठिकाण आणि प्रकार दोन्ही चुकलेले आहेत.

प्रश्न: आयरिश व्यक्तींच्या जन्मतारखा संकेतस्थळांवर वेगवेगळ्या मिळतात. खात्री कशी करावी?

उत्तर: आधी जन्मवर्ष पाहा. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. त्यानंतरचा जन्म असेल तर १०० वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदी आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्याआधीचा असेल तर चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही हाच आधार. कॅथलिक नोंदवह्यांची छायाचित्रं राष्ट्रीय ग्रंथालयाने खुली ठेवली आहेत. तिथे मिळते ती बाप्तिस्म्याची तारीख, जन्माची नव्हे. जन्म बहुधा काही दिवस आधीचा.

सरकारी नोंदही डोळे मिटून घेऊ नका. मुदत उलटल्यावर दंड होई, म्हणून पालक जन्मतारीख पुढे सरकवत. मूल जन्मण्याआधीच त्याचा बाप्तिस्मा झाल्याचं कागदोपत्री दिसलं तर बाप्तिस्म्याची तारीख खरी धरा.

शिरगणतीचे पूर्ण कागद १९०१ आणि १९११ चे राष्ट्रीय अभिलेखागारात खुले आहेत. १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीचे जवळजवळ सगळे कागद यादवी युद्धात, ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीच्या स्फोटात आणि आगीत गेले. १८६१ ते १८९१ चे कागद त्याआधी सरकारनेच नष्ट केले होते. १९०१ आणि १९११ च्या शिरगणत्यांत वयं तपासून घ्या: १९०१ ला ५८ वर्षांची व्यक्ती १९११ ला ७१ ची होते. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीपुढच्यांना निवृत्तिवेतन सुरू झालं आणि जन्मदाखला कुणाकडेच नव्हता, म्हणून वय वाढवून सांगितलं जाई. वयासाठी १९०१ चा कागद जास्त भरवशाचा. जन्मस्थळही पडताळावं लागतं. जेम्स कॉनली यांच्या १९११ च्या कागदावर मोनाहन आहे, पण त्यांचा जन्म ५ जून १८६८ ला एडिंबरात झाला, आणि त्याची नोंद स्कॉटलंडच्या दप्तरात आहे. १८६४ पूर्वीच्या व्यक्तीचा बाप्तिस्मा सापडला नाही तर वर्षाआधी ‘सुमारे’ लिहा आणि जयंतीची तारीख छापू नका.